आबाजींचं मचाण: घरातली शिकारीची आठवण छोट्या देखाव्यात कशी उभी करावी

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाला हे काम परकं नाही. विटा रचायच्या, वर ओली माती थापायची, हळीव पेरून गवत उगवायचं, आणि मावळे कुठे उभे करायचे यावरून भावंडांनी भांडायचं. तेच काम आता काचेच्या पेटीत आणि अचूक मापात करायचं आहे. यातली माणसं मात्र बाजारात मिळत नाहीत. ती आपल्याच घरातली असतात.

विदर्भातल्या कितीतरी घरांत शिकारीची एखादी गोष्ट असते. कोणाच्या आजोबांनी परवाना काढून राखीव जंगलातला ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी ठरवून दिलेला तुकडा, घेतलेला असतो, कोणाचे पणजोबा ज्वारीतली डुकरं हाकलायला ठासणीची बंदूक घेऊन रात्ररात्र माळ्यावर बसलेले असतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला, १९९१ च्या दुरुस्तीनं उरलेसुरले शिकारीचे परवानेही गेले. ते योग्यच झालं. पण त्या रात्री पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांच्याबरोबर ती जंगलंही जाणार आहेत. मी माझ्या बाबांची अशी एक रात्र देखाव्यात बसवली. त्याला सात महिने लागले. काय केलं, कुठे चुकलं आणि आता पुन्हा केलं तर कसं करीन, ते सगळं इथे लिहितो आहे.

फोटो नको, गोष्ट घ्या

जुन्या घरात बहुधा एक फोटो असतोच: मेलेला वाघ, त्याच्यावर पाय, हातात बंदूक. देखावा करायचं ठरलं की पहिला हात त्याच फोटोकडे जातो. माझाही गेला होता. आमच्या फोटोत आबाजी, म्हणजे माझे आजोबा, आणि दोन पाहुणे आहेत, समोर बिबट पडलेला आहे. तो देखावा मी कागदावर आखला आणि बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे मी पाहिलंच नाही न. मी कुठं होतो तेव्हा?"

त्यांना आठवत होती ती वेगळीच रात्र. १९६२ चा उन्हाळा, देवलापारच्या बाजूचं, पेंचकडचं जंगल, मोहाच्या झाडावर बांधलेलं मचाण. बाबा नऊ वर्षांचे, पहिल्यांदाच सोबत नेलेले. रात्री त्यांना पेंग यायला लागली तेव्हा आबाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि त्याची टोकं फांदीला बांधली, पोरगं खाली पडू नये म्हणून. पहाटे खाली मोहफुलं खायला सांबर आलं. बंदूक भरलेली होती. आबाजींनी बार काढला नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या आईनं विचारलं तर म्हणाले, "पोट्टा निजला होता दंडावर. बार कसा काढू?"

हे आमच्या घरात साठ वर्षं सांगितलं जातंय. बिबटाबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून पहिली पायरी हीच: जी गोष्ट घरात पुन्हा पुन्हा सांगितली जाते ती निवडा, फोटोत आहे ती नव्हे. आणि त्या गोष्टीतला एकच क्षण घ्या. हाकारा, पाठलाग, बार, बंडीवर लादून गावात आणणं, हे सगळं एका पेटीत कोंबलं की काहीच दिसत नाही. माझं मत विचाराल तर जनावर जिवंत असतानाचा क्षण घ्यावा. मेलेलं जनावर चार इंचांत नीट दिसत नाही, ठोकळा वाटतो. जिवंत जनावर कान टवकारून उभं असलं की त्याच्याभोवतीचं सगळं जंगल जागं होतं.

आणखी एक. त्या फोटोंत हाकेवाले, म्हणजे जनावर हाकून आणणारी माणसं, नसतात, किंवा अगदी कडेला अर्धे कापलेले असतात. मचाण कोणी बांधलं, खबर कोणी आणली, पाणवठा कोणी दाखवला? बहुतेक वेळा जवळच्याच गावातली गोंड माणसं. आमच्या गोष्टीतला मचाण बांधणारा माणूस पहाट होईपर्यंत बाजूच्या झाडावर बसून होता. बाबांना त्याचं नाव आठवत नाही, पण त्याची घोंगडी आठवते. तो देखाव्यात आहे.

विचारायचं कसं

"सांगा न तेव्हाचं" म्हटलं की तीच घोटलेली चार वाक्यं येतात. बारीक प्रश्न विचारा. पायात काय होतं? पाणी कशात नेलं होतं? बंदूक मांडीवर होती की बाजूला टेकवलेली? चंद्र समोर होता की पाठीशी? बसायला फळ्या होत्या की बाज? या शेवटच्या प्रश्नावर बाबा एकदम उठून बसले: बाज होती, आणि तिची सुतळी एका कोपऱ्यात तुटलेली होती, तिथे त्यांचा पाय अडकत होता. ती तुटलेली सुतळी आज पेटीत दिसते.

फोन टेबलावर ठेवून सगळं बोलणं रेकॉर्ड करा. दोन भावंडं असतील तर वेगवेगळं विचारा, मग एकत्र बसवा. आमच्याकडे आत्या म्हणत होती की हे दिवाळीच्या सुट्टीतलं. पण मोहफुलं साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्ये गळतात, आणि रात्र सरता सरता गळतात. म्हणजे महिना एप्रिल आणि वेळ पहाटेची, हे झाडानंच ठरवून टाकलं. विदर्भातल्या आठवणी तपासायला झाडं फार कामाची. पळस फुललेला होता म्हटलं की फेब्रुवारी-मार्च. साग उघडा होता म्हटलं की उन्हाळा. साग हिरवागार आणि शेंड्याला पांढुरका फुलोरा म्हटलं की पावसाळा.

फोटो असतील तर ते काढून ६०० डीपीआयवर स्कॅन करा. त्यात दोननळी बंदूक दिसत असेल तर मोजपट्टी मिळालीच म्हणून समजा. बारा बोरच्या नळ्या बहुधा २८ ते ३० इंच असतात. बंदूक माणसाच्या अंगालगत उभी असेल तर त्या हिशोबानं त्याची उंची काढता येते. आबाजी आमच्या समजुतीपेक्षा बरेच ठेंगणे निघाले, साडेपाच फूट.

माप ठरवणं

या छंदात १:३५ आणि १:७२ ही मापं जास्त चालतात, कारण सैनिकांचे तयार पुतळे त्या मापात मिळतात. घरच्या आठवणीसाठी मी १:२४ सुचवीन. साडेपाच फुटी माणूस त्यात ७० मिलिमीटरचा होतो, डोकं साधारण ९ मिलिमीटर. इतक्या आकारात मिशी, दुपट्ट्याची गाठ, बसण्याची ढब दाखवता येते. १:३५ मध्ये तोच माणूस ४८ मिलिमीटरचा राहतो, आणि हात नवीन असेल तर त्यात चेहरा जमत नाही.

हिशोब सोपा आहे: खरं माप सेंटिमीटरमध्ये घ्या आणि २४ नं भागा. बारा फुटांवरचं मचाण म्हणजे १५ सेंटिमीटर. सहा बाय तीन फुटांची बाज म्हणजे ७.६ बाय ३.८ सेंटिमीटर. खांद्याला १४० सेंटिमीटर उंच नर सांबर म्हणजे ५.८ सेंटिमीटर. पण २० मीटर उंच झाड होतं ८३ सेंटिमीटरचं, एवढी पेटी घरात ठेवणार कुठे? म्हणून झाड पूर्ण करू नका. पेटीच्या वरच्या कडेला ते कापलं जाऊ द्या. खोड आणि मचाणाच्या वरच्या दोन फांद्या असल्या की उरलेलं झाड बघणारा मनानं पुरं करतो. माझी पाटी, म्हणजे देखाव्याचा तळ, ४० बाय ३० सेंटिमीटरची आहे, म्हणजे खऱ्या जंगलातली साधारण ३१ बाय २३ फुटांची जागा. एका मचाणाला आणि एका डबक्याला तेवढी भरपूर झाली.

माणसं

तीन वाटा आहेत. तयार पुतळे घेऊन बदलायचे, कोणाकडून घडवून घ्यायचे, किंवा स्वतः घडवायचे.

घडवून घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. मी सुरुवातीला एकाकडे फोटो पाठवून आबाजींचा पुतळा थ्रीडी प्रिंट करून मागवला होता. आला तो डोक्यावर सोला हॅट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. 'शिकारी' म्हटल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांसमोर गोरा साहेबच आला असावा. चूक माझीही होती, कारण कपड्यांबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. घडवणाऱ्याला समोरून, बाजूनं, पाठीमागून असं तीन बाजूंचं चित्र द्या, प्रत्येक कपड्याचं नाव लिहा, आणि छपाईआधी संगणकावरचं रूप घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. वर तो पुतळा पीएलए प्लास्टिकचा होता. हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. डॅशबोर्डवर दोन तास राहिला आणि कमरेत वाकला. नागपुरात छापून घ्यायचं तर रेझिनचं घ्या, आणि तेही उन्हापासून जपा.

नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत मूर्तिकारांचे हात बघत बसणं ही याची सगळ्यात चांगली शाळा. फक्त गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने त्यांना काही विचारू नका, मान वर करायला फुरसत नसते. बोटं कशी जोडायची, धोतराच्या चुण्या टोकाशी कशा मिटवायच्या, हे मी तिथे उभं राहून शिकलो.

स्वतः घडवायची रीत अशी. घराच्या जुन्या वायरिंगमधली तांब्याची एकेरी तार घ्या, साधारण १ मिलिमीटर जाडीची. तिचा काडीमाणूस करा. पाय मुद्दाम दोन सेंटिमीटर लांब ठेवा, पुढे ते पाटीत रुततात. बसलेला माणूस असेल तर तार आधी बाजेवर बसवून बघा, मगच अंग चढवा. अंगासाठी एम-सील चालतं. उन्हाळ्यात ते हातातल्या हातात आवळायला लागतं, म्हणून एका वेळी सुपारीएवढंच मळा. पहिला थर फक्त भरीव करण्यापुरता लावा, तो रात्रभर कडक होऊ द्या, आणि मग वरून कपडे. घाईनं एकाच थरात सगळं करायला गेलं की छाती दाबताना पाठ फुगते. चेहऱ्याला एम-सील जरा खरखरीत पडतं. तिथे पॉलिमर क्ले घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, बहुधा ११० ते १३० अंशांत, ओटीजी ओव्हनमध्ये भाजा. डोकं वेगळं करून भाजा आणि नंतर मानेच्या तारेत खोचा.

चेहरा हुबेहूब यावा म्हणून मी तीन आठवडे घालवले. पाच डोकी फुकट गेली. मग एक गोष्ट उमगली. नऊ मिलिमीटरच्या डोक्यात नाक-डोळ्यांवरून माणूस ओळखू येत नाही, तो ओळखू येतो ढबीवरून. आबाजी डावा खांदा पाडून बसायचे, आणि उजव्या हाताचा अंगठा नेहमी मुठीत. तेवढं केलं आणि आत्यानं लांबूनच ओळखलं. तुमच्या माणसाची अशी एक ढब शोधा: उकिडवं बसणं, विडी आडोशाला धरणं, पगडीखालून कान बाहेर काढणं. चेहऱ्यावर घालवलेल्या महिन्यापेक्षा त्या एका ढबीवर घालवलेला दिवस मोलाचा.

बंदुकीच्या नळ्यांसाठी केमिस्टकडे मिळणारी २० गेजची सुई घ्या, पिवळ्या टोपणाची. तिची जाडी ०.९ मिलिमीटर आहे. बारा बोरची नळी २४ पट लहान केली की तेवढीच भरते. दोन सुया शेजारी शेजारी ३२ मिलिमीटरला कापायच्या, टोक आधी घासून बोथट करायचं, फेविक्विकनं जोडायच्या आणि मागे आइस्क्रीमच्या काडीतून कोरलेला दस्ता. समोरून पाहिलं तर नळ्यांना खरीखुरी भोकं दिसतात.

दुपट्टा मात्र कापडाचा करू नका. कापडाचा धागा या मापात दोरखंडाएवढा दिसतो. टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करा, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवा, चिमट्यानं उचलून अंगावर टाका, आणि ओला असतानाच सुईनं चुण्या पाडा.

रंगाआधी राखाडी प्रायमर, नंतर पातळ ॲक्रिलिकचे थर. कातडीचा रंग परदेशी व्हिडिओंत बघून करू नका, गुलाबी होतो. बर्न्ट सिएना, त्यात यलो ऑकर आणि पांढऱ्याचा एक ठिपका. हाकेवाल्याला पांढरा अजिबात नको. डोळ्यांत पांढरा रंग भरू नका, माणूस घाबरल्यासारखा दिसतो. एक बारीक गडद रेघ पुरे. शेवटी मॅट वार्निश, नाहीतर आबाजी तेल लावून बसल्यासारखे चकाकतील.

सांबर

जनावर आठवणीतून करू नका. सिव्हिल लाइन्सच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, पेंढा भरलेले प्राणी आहेत. १८६३ सालचं हे संग्रहालय, लहानपणी सगळ्यांनी एकदा तरी पाहिलेलं. वही घेऊन पुन्हा जा. पायाची लांबी धडाच्या किती पट आहे, कान डोक्याच्या मानाने केवढा, हे काढून घ्या. हालचाल बघायला गोरेवाडा किंवा महाराजबाग.

सांबराच्या बाबतीत लोक हमखास चुकतात ते असं: ते चितळासारखं नाजूक करतात. सांबर धिप्पाड, गडद तपकिरी, नराच्या मानेवर आयाळीसारखे राठ केस, कान मोठे आणि गोलसर. शिंगांवरून माझ्यात आणि बाबांत थोडी ओढाताण झाली. उन्हाळा चढतो तशी बहुतेक नर सांबरांची शिंगं गळतात, म्हणून मी बिनशिंगाचं करणार होतो. बाबा ठाम: "एवढी मोठी शिंगं होती, चांदण्यात चमकून राहिली होती." एप्रिलमध्ये काही नरांची शिंगं शाबूत असतात. ज्यानं पाहिलं त्याचा शब्द मी ठेवला. शिंगं तांब्याच्या तारेची केली, बुंध्याशी दोन तारा पिळून जाड आणि टोकाला एकच.

मान खाली, तोंड मोहफुलांत आणि एक कान मागे वळलेला, असं त्याला ठेवलं. तो मागे वळलेला कान म्हणजे त्याला शंका आलेली आहे.

खरं शिंग, नख, कातडं वापरू नका

कोणी सुचवतं की जुन्या शिंगाचा तुकडा घासून लावा, वाघनख बसवा, साळिंदराचे काटे लावा. यातलं काही लावू नका. आपोआप गळलेलं शिंगसुद्धा नको. वन्यप्राण्यांच्या अवयवांना कायदा लागू आहे, आणि देखाव्यात बसवलं म्हणून तो सुटत नाही. घरात जुनी कातडी किंवा शिंगं असतील तर त्यांचा मालकी दाखला आहे का ते आधी बघा. तो मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहीचा असतो. अशी वस्तू विकता येत नाही, आणि वारसानं आपल्याकडे आली तर ९० दिवसांच्या आत वनविभागाला कळवावं लागतं. जुन्या पेटीत काडतुसं सापडली तर त्यांना हात न लावता पोलिसांना सांगा.

जंगलातून माती, पानं, गोटेही आणू नका. पेंचच्या जंगलाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या रात्रीनंतर तेरा वर्षांनी. तिथलं पान तिथेच राहू द्यावं. शहरात रस्त्याकडेला सागाची झाडं आहेतच.

जमीन, झाड, पानगळ

पाटीला १२ मिलिमीटर प्लाय घ्या आणि खालून-कडेनं वाळवीचं औषध मारा. त्यावर थर्माकोलचे थर लावून उतार करा. नाला आत खणा, वर उंचवटा. थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नका, ते विरघळतं. आधी फेविकॉल आणि कागदाचे दोन पदर किंवा पातळ प्लास्टर.

माती बांधकामावरच्या मुरमाची घ्या. जंगलातल्या वाटेचा तो तांबूस रंग त्यातच मिळतो. काळी माती शेताच्या देखाव्याला ठेवा. चहाच्या गाळणीनं चाळा आणि तव्यावर चांगली तापवा, किड्यांची अंडी मरतात. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरनं मातीवर सोडा. साबणानं ते मिश्रण मातीत झिरपतं, नाहीतर वर गोळे धरतं.

मोहाच्या खोडाला बाभळीची अंगठ्याहून थोडी जाड फांदी घेतली, तिची साल भेगाळलेली असते. नाल्याकाठच्या कहूला, म्हणजे अर्जुनाला, जामाची, म्हणजे पेरूची, फांदी शोभते, तशीच गुळगुळीत आणि पांढुरकी. फांद्या महिनाभर वाळवूनच वापरा.

मचाणाच्या बाजेला बांबूच्या सीखा, आणि विणायला साधा शिवणाचा दोरा, कोऱ्या चहात रात्रभर भिजवलेला. बाजेभोवती आडोशाच्या डहाळ्या लावताना हात आखडता ठेवा, नाहीतर आतली माणसं दिसायचीच नाहीत.

सागाचं पान एक ते दोन फुटांचं असतं, म्हणजे आपल्या मापात सव्वा ते अडीच सेंटिमीटर. ही पानं मी खऱ्याच सागपानातून कापली, बारीक शिरांच्या मधल्या भागातून. कापण्याआधी पान पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून वाळवलं की तुकडे होत नाहीत. दीडशे पानं कापली. प्रत्येक थोडं वाकवून टाकलं, कारण वाळलेलं सागपान कधी सपाट पडत नाही, वाटीसारखं वळतं. बारीक कचऱ्यासाठी पानं हातानं चुरून गाळणीतून भुरभुरली. वाळलेल्या गवताला सुतळी उकलून तिचे तुकडे वापरले.

आता मोहफुलं. खरं फूल दीड-दोन सेंटिमीटरचं, म्हणजे इथे एका मिलिमीटरहूनही लहान दाणा. मी रवा घेतला, पिवळसर रंगवला, झाडाखाली पसरला. फार सुंदर दिसला. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाटीवर मुंग्यांची रांग, आणि सांबराच्या तोंडासमोरची जागा साफ. खाण्याचा कुठलाच पदार्थ देखाव्यात वापरू नका. दुसऱ्यांदा जाडसर रांगोळी घेतली, मलईच्या रंगात बुडवली, वाळवली, आणि सुईच्या टोकावर एकेक उचलून बसवली. झाडाखाली दाट आणि कडेला विरळ. काही फुलं बाजेवर, दोन आबाजींच्या मांडीवर.

पाणी

एप्रिलमधला नाला वाहत नाही, डबकी उरतात. म्हणून पाणी थोडंच केलं. तळ आणि काठ आधी रंगवून फेविकॉलनं नीट बंद करा, रेझिन केसाएवढ्या भेगेतूनही निसटतं. पाटी लेव्हलनं तपासा. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर पाकिटावरच्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून घ्या, अंदाजानं नको. तीन मिलिमीटरचा एक थर, तो सुकला की दुसरा. जाड ओतलं तर आतून तापतं आणि तडकतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. जमलं तर हे काम हिवाळ्यात करा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, ओतल्यावर वर खोकं पालथं घाला.

उजेड आणि पेटी

रात्रीचा देखावा म्हणून सगळं निळं रंगवू नका. रंग दिवसाचेच द्या, रात्र दिव्यानं करा. मी एका कोपऱ्यातून थंड पांढरा छोटा एलईडी लावला, चंद्र ज्या बाजूला होता त्याच बाजूनं. बाकी तीन बाजू अंधारात.

पेटी काचेचीच घ्या. ॲक्रिलिक हलकं असतं, पण पुसून पुसून ओरखडे पडतात. नागपुरात पेटीचे तीन वैरी: ऊन, धूळ आणि कूलर. पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. कूलरच्या झोतात तर नाहीच. खसाच्या ओलाव्यानं कागद फुगतो आणि पावसाळ्यात पानांवर बुरशी धरते. पाटीखाली एक खण ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर उन्हाळ्यानंतर बदला.

पाटीवर पितळी पट्टी हवी असेल तर त्यावर साल, जागा आणि सगळ्यांची नाती लिहा. हाकेवाल्याचं नाव माहीत नसेल तर 'मचाण बांधणारे' असं लिहा, पण वगळू नका. त्याच खणात मी बाबांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग एका पेनड्राइव्हवर ठेवलं आहे, आणि तेच कागदावर उतरवूनही, कारण तीस वर्षांनी पेनड्राइव्ह उघडेल की नाही कोण जाणे.

एक वस्तू सुटी ठेवा

पेटी बंद करण्याआधी एखादी वस्तू न चिकटवता ठेवा आणि ज्यांची ही आठवण आहे त्यांना समोर बसवा. मी दुपट्ट्याची गाठ सुटी ठेवली होती. बाबांना चष्मा दिला, वरचा दिवा बंद केला, कोपऱ्यातला लावला. ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी चिमटा मागितला. हात थरथरत होता, म्हणून मी मनगट धरलं. त्यांनी ती गाठ फांदीच्या उजव्या बाजूनं काढून डाव्या बाजूला नेली, आबाजींच्या हाताजवळ.

"तिकडं होती," म्हणाले. "ते रात्रभर हात लावून पाहत होते, सुटली तर नाही म्हणून."

मी तिथेच फेविकॉलचा एक थेंब लावला आणि सुकेपर्यंत धरून बसलो.